बर्फातलं लग्न: देवगडचं वऱ्हाड गुलमर्गला न्यावं का?

तिरफळ

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज घरचं प्रकरण घेऊन आलेय.

माझ्या मावसबहिणीचं लग्न ठरलंय. मुलगी देवगड तालुक्यातली, मुलगा पुण्याचा. गुलमर्गला भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे, तिच्या कोर्सला दोघंही गेले होते, तिथली ही ओळख. त्यामुळे लग्न तिथंच, फेब्रुवारीत, बर्फात, एखाद्या लाकडी लॉजवर, असं दोघांनी परस्पर ठरवून टाकलंय. दोन्हीकडची मिळून साठ माणसं. मुलाकडचे एका पायावर तयार.

आमच्याकडे मावशी गप्प आहे (हे लक्षण चांगलं नाही) आणि काका, म्हणजे मुलीचे वडील, एकच वाक्य बोलतात, "बाग सोडून मी खय येतलंय?" फेब्रुवारीत आंब्याची कलमं सोडून बाहेर मुक्काम करणं म्हणजे त्यांच्या लेखी गुन्हा. आजी ऐंशीच्या पुढची आहे. तिला बर्फ बघायचाच आहे, आणि घरात सगळ्यात उत्साही तीच.

मध्यस्थी माझ्या गळ्यात आलीय. बर्फ नक्की मिळतो का, म्हाताऱ्या माणसांचं काय, होम कुठे करायचा, वऱ्हाड न्यायचं कसं, जे माहीत असेल ते सांगा. "साधेपणाने करा आणि पैसे दान करा" हा सल्ला कृपया देऊ नये, तो आत्याने दिलेला आहे.

बंदरावरचा

खुर्ची टाकून बसलोय.

कुंकेश्वर_लोकल

बर्फात लगीन? हंय सकाळी जरा गार वारो सुटलो की आमी माकडटोपी काढतंव.

गंमत सोड, पण एक सांगतंय. आंगणेवाडीची तारीख अजून खय ठरली हा? भराडी देवीची जत्रा पंचांग बघून नसता, देवीचो कौल होता तेवाच तारीख कळता, आणि बहुतेक फेब्रुवारीतच येता. तुमी आज लॉजाक पैसे भरल्यात आणि जत्रा त्याच दिवशी इली तर मुलीकडचो एक माणूस गुलमर्गाक जातलो नाय. मुंबैची भावकी तर नायच नाय.

तिरफळ

अरे देवा. हे लक्षातच आलं नव्हतं. मावशीचं माहेर मसुऱ्याचं आहे, आणि आंगणेवाडी मसुऱ्यातलीच!

बर्फवेडा

गुलमर्गला हिवाळ्यात बऱ्याचदा जाणं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काश्मीरचा कडक हिवाळा म्हणजे चिल्ला-ए-कलान, २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस. त्यानंतर वीस दिवसांचा चिल्ला-ए-खुर्द आणि मग दहा दिवसांचा चिल्ला-ए-बच्चा. बर्फ जमिनीवर साचून घट्ट थर होतो तो जानेवारीत, आणि स्कीइंगवाल्यांची खरी गर्दी जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. म्हणजे फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा ही निवड तशी बरोबर आहे. पण त्याच दिवसांत जगभरचे स्कीअर तिथं उतरलेले असतात, त्यामुळे साठ माणसांच्या खोल्या एका जागी मिळणं कठीण. दोन लॉज शेजारशेजारचे घ्यावे लागतील.

आता "नक्की" या शब्दाबद्दल. २०२४ चा जवळजवळ अख्खा जानेवारी गुलमर्ग कोरडं होतं, पिवळं गवत दिसत होतं. २०२५ च्या फेब्रुवारीत खेलो इंडियाचे हिवाळी खेळ बर्फ नाही म्हणून पुढे ढकलावे लागले आणि मार्चमध्ये झाले. तेव्हा पत्रिकेवर बर्फाचं चित्र छापू नका. आणि उलटही होतं. एका रात्रीत कमरेएवढा पडतो, मग तंगमर्गहून वर येणारा तेरा किलोमीटरचा घाट बंद, किंवा फक्त चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्या सोडतात. श्रीनगरची विमानंही बर्फ आणि धुक्यात रद्द होतात.

म्हणून मुहूर्त पोचायच्या दुसऱ्या दिवशीचा धरू नका. श्रीनगरात एक रात्र, वर एक रात्र, मग लग्न. वधूचे कपडे आणि पूजेचं सामान एकाच गाडीत टाकू नका.

गोंडोलाचे, म्हणजे तिथल्या रोपवेचे, दोन टप्पे आहेत. पहिला कोंगडोरीपर्यंत, साधारण ३,१०० मीटर. तो १९९८ पासून आहे आणि आजीलाही नेता येईल. दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, जवळपास ३,९५० मीटर, २००५ चा. तिकडे वऱ्हाडाने जाऊ नये. अफरवटच्या उतारांवर हिमस्खलन होतं, २०२३ च्या फेब्रुवारीत दोन पोलिश स्कीअर त्यात गेले आणि पुढच्याच वर्षी एक रशियन. नवरदेवाला "लग्नाच्या सकाळी एक रन मारून येतो" असं म्हणू देऊ नका. तो म्हणणारच.

चाकरमानी_लालबाग

त्यापेक्षा औली करा की. उत्तराखंड, देवभूमी, शेजारी बद्रीनाथ. घरच्यांना पटवणं सोपं जाईल. आणि पहलगामच्या हल्ल्यानंतर काश्मीरचं नाव काढलं तरी आमच्या घरात बायका रडायला लागतात.

अपरांत

औलीला लग्नाचा इतिहास आहे, तो जरा वाचा. २०१९ च्या जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका बड्या उद्योगपती घराण्याची दोन लग्नं तिथं झाली. दोनशे कोटींचं लग्न म्हणून गाजलं. प्रकरण नैनितालच्या उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने तीन कोटी रुपये अनामत भरायला लावले. त्या कुरणावरचा कचरा उचलता उचलता जोशीमठच्या नगरपालिकेच्या नाकी नऊ आले. आणि जून होता, बर्फ नव्हताच!

त्यानंतर २०२३ च्या जानेवारीत जोशीमठात घरांना तडे गेले, जमीन खचायला लागली आणि औलीचा रोपवे बंद झाला. खचणाऱ्या गावाच्या डोक्यावर जाऊन लग्न करायचं मला तरी जिवावर येईल. शिवाय ऋषिकेशपासून जोशीमठ अडीचशे किलोमीटर, सगळा घाट. एस. टी.त कणकवली येईपर्यंत पिशवी शोधणारी आपली माणसं.

चाकरमानी_लालबाग

शेवटच्या वाक्याचा निषेध. (पण खरं आहे.)

तिरफळ

पहलगामचा विषय घरात निघाला. तो नाकारण्यात अर्थ नाही, २०२५ च्या एप्रिलमध्ये आपल्या महाराष्ट्रातली माणसं गेली. मावशी त्यामुळेच गप्प असावी. मुलाचं म्हणणं की तिथले त्याचे प्रशिक्षक, लॉजवाले, घोडेवाले सगळे फोन करून "या" म्हणतायत, त्यांचा हंगाम बुडाला. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. यावर इथं वाद नको, प्लीज. ज्याला भीती वाटते त्याला आग्रह करायचा नाही, एवढं आम्ही ठरवलंय.

भटजीबुवा_रत्नागिरी

आधी मुहूर्ताचं बघू. पौषात आपल्याकडे लग्नं काढत नाहीत, धनुर्मास संक्रांतीपर्यंत असतो. म्हणजे ज्या दिवसांत काश्मीरात हिवाळा सगळ्यात कडक, नेमके तेच दिवस आपल्याला वर्ज्य. माघ लागला की मोकळं, मात्र त्या वर्षी शुक्राचा किंवा गुरूचा अस्त आहे का ते बघून घ्या.

दुसरं, देवक. घरी देवक बसवून तुम्ही सगळे काश्मीरला गेलात तर मागे दिवा कोण बघणार आणि देवक उठवणार कधी? माझं मत, देवक तिथंच बसवा. सुपारीचा गणपती, मातृकांच्या सुपाऱ्या, आंब्याचा टाळा, सगळं नेता येतं. टाळा ओल्या फडक्यात गुंडाळून, वर प्लॅस्टिक. ग्रामदेवतेला गाऱ्हाणं मात्र निघण्याआधी गावात घाला, ते गुलमर्गाहून पोचत नाही.

तिसरं, होम. लाकडी लॉजच्या आत पेटता अग्नी कोणी करू देणार नाही, आणि देऊही नये. तिथलं महाराणी मंदिर म्हणजे १९१५ सालचं शिवालय, गुलमर्गची ओळख, ते २०२४ च्या जूनमध्ये आगीत जळालं. तेव्हा तांब्याचं लहान कुंड, उघड्यावर, वर पत्र्याचा किंवा कनातीचा आडोसा, खाली विटांचा थर, नाहीतर बर्फ वितळून कुंड कलंडेल. मंगलाष्टकं आणि अंतरपाट आत, उबेत. विवाहहोम, लाजाहोम आणि सप्तपदी बाहेर, पण आटोपशीर. सप्तपदीला लोकरी मोजे चालतात. शास्त्रात बर्फाचा विचार झालेला नाही, त्यामुळे मनाईही नाही.

वेंगुर्ल्याची_मावशी

भटजीबुवांना साष्टांग. मोजे चालतात हे लिहून द्या, आमच्याकडच्या सासवांना दाखवायला.

तिरफळ, सामानाचं मी सांगते. सुकं खोबरं विमानात चालत नाही. तेलकट असतं, पेट घेतं, म्हणून बंदी आहे. ओटीची खोबऱ्याची वाटी घेऊन मुंबईच्या विमानतळावर वाद घालणाऱ्या बायका मी पाहिल्यात. ओला नारळ चेक-इन बॅगेत टाकायचा, पण तोही विमान कंपनीला आधी विचारून. कापूर आणि काडेपेटी अजिबात नको, श्रीनगरात घ्या.

खोबरेल चोवीसच्या खाली गेलं की थिजतं, तिथं तर दगडच होणार. केसांना लावायची बाटली बाथरूममध्ये ठेवून उपयोग नाही. जेवणाचं म्हणाल तर डाळ-भाताला वेळ जास्त लागतो, त्या उंचीवर पाणी लवकर उकळतं पण तेवढं तापत नाही. मोठ्या पातेल्यातला मसालेभात खाली लागेल आणि वर कच्चा राहील. आचाऱ्याला कुकरच द्या. खरं तर एक जेवण तिथल्या वाझांकडून, म्हणजे काश्मिरी आचाऱ्यांकडून, करून घ्या, वाझवान ही लग्नाचीच मेजवानी आहे. शाकाहारी मंडळींना नदरू, म्हणजे कमळकाकडी, आणि हाक, म्हणजे तिथली पालेभाजी. सोलकढी हवीच असेल तर आगळ न्या, पण थंड सोलकढी तिथं कोण पिणार? कहवा प्या गुपचूप.

गजऱ्यांसाठी अबोली चालेल, ती दोन दिवस दम धरते. सुरंगी फेब्रुवारीत लागायला लागते, मिळाली तर नवरीपुरती न्या. अख्खी लॉज घमघमेल.

बांगडा_फ्राय

नऊवारीच्या आत थर्मल घालून कासोटा बसतो का? गंभीर प्रश्न आहे, माझ्या बहिणीचाही असाच बेत शिजतोय.

वेंगुर्ल्याची_मावशी

बसतो. पातळ मेरिनोची घ्या, जाड लोकरीची घेतलीत तर नवरी गादीसारखी दिसेल. साडी सुती-रेशमी, वर शाल नको, फिरन घ्या, म्हणजे काश्मिरी सैल अंगरखा. फोटोतही बरं दिसतं.

डॉक्टर_सावंतवाडी

आजींबद्दल. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे. समुद्रकाठच्या माणसाला पहिल्या दिवशी डोकं जड वाटेल, झोप नीट लागणार नाही, धाप लागेल. हृदयाचं किंवा फुप्फुसाचं जुनं दुखणं असेल तर आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय तिकीट काढू नका. एरवी श्रीनगरात एक-दोन रात्री काढून गेलं तर बहुतेकांना झेपतं.

मला उंचीपेक्षा घसरण्याची भीती जास्त वाटते. लॉजच्या पायऱ्यांवर रात्री पाणी गोठून काच होते. आजी, मोजडी आणि त्या पायऱ्या: खुब्याचं हाड मोडायला एवढं पुरतं, आणि तिथून श्रीनगर पन्नास किलोमीटर, रस्ता उघडा असला तर. तंगमर्गला लांब बूट भाड्याने मिळतात, ते सगळ्यांना सक्तीचे करा. आजींच्या एका हाताला कायम कोणीतरी तरणंताठं हवं.

अजून दोन गोष्टी. खोलीत बुखारी, म्हणजे तिथली शेगडी, पेटवली असेल तर खिडकीची फट ठेवायची आणि झोपताना ती विझवायची. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचून माणूस झोपेतच जातो. आणि इन्सुलिन गोठता कामा नये. ते एकदा गोठलं की फेकायचं, पुन्हा वितळवून वापरायचं नाही. अंगाजवळच्या खिशात ठेवा, खिडकीत किंवा गाडीच्या डिकीत नको.

हापूसवाला

सगळे बर्फाचं बोलतायत. काकांचं कोणी बोलत नाही.

फेब्रुवारीत बागायतदार का हलत नाही ते ऐका. आधीचा मोहर असेल त्याला कणी, वाटाणा, सुपारी या टप्प्यांतली फळं असतात. मागचा मोहर त्याच वेळी फुलत असतो. एकाच झाडावर दोन वयं. तुडतुडा आणि थ्रिप्स ही कीड याच दिवसांत, फवारणीला दोन दिवस उशीर झाला तर मोहर करपल्यासारखा दिसतो. कल्टार, म्हणजे लवकर मोहर आणायचं औषध, घातलेल्या कलमांचं पीक तर लवकर तयार होतं, मार्चचा भाव त्याच पेट्यांना. आणि माकडं. राखणीला नेपाळी गडी असतात, पण औषध कुठलं मारायचं हे मालकानेच बघायचं. वर्षाचं उत्पन्न त्या सहा-आठ आठवड्यांवर उभं असतं. तुम्ही त्याला विचारताय की लेकीचं लग्न की बाग. असं विचारूच नये.

तुळशीचं लग्न झालं की मार्गशीर्षात लग्न काढा, अंगणात मांडव घाला, अख्खी वाडी जेवेल. तेव्हा कलमांना पालवी-मोहराची वाट बघण्यापलीकडे फार काम नसतं. बर्फ कुठे पळून जात नाही.

अपरांत

+१. वऱ्हाडात साठ माणसं म्हणजे भावकीतली कितीतरी माणसं गाळणार. गाळलेल्यांना पुढची वीस वर्षं गणपतीत तोंड कोण देणार? काकाच.

नुसती_वाचक

आज पहिल्यांदाच लिहितेय. ती मुलगी मीच. ताईने धागा काढलाय हे मला बांगडा फ्राय यांच्या बहिणीकडून कळलं, ती माझी मैत्रीण आहे. जग लहान आहे आणि कोकण त्याहून.

मला अंगणातलं लग्न नको असं मी कधीच म्हटलेलं नाही. मला नको आहे ते स्टेजवर चार तास उभं राहून चारशे माणसांच्या पाकिटांसोबत फोटो काढणं. गुलमर्गचा हट्ट फक्त फोटोसाठी नाही. मी समुद्रावर वाढले, पोहायला येत नव्हतं, कोणी शिकवलं नाही, "पोरींनी कशाला" म्हणून. बर्फावर पहिल्यांदा कोणीतरी मला पडायचं कसं हे शिकवलं. स्कीइंगमध्ये पहिला धडा तोच असतो, बाजूला पडायचं आणि स्की उताराला आडव्या करून उठायचं. तो शिकवणारा म्हणजे आमचा प्रशिक्षक, त्याला लग्नात बघायचंय मला. तो देवगडला येईल, त्याला आंबे खायचे आहेत, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याचा हंगाम असतो. बाबांचा पण तेव्हाच. माझे दोन्ही बाप एकाच वेळी कामात!

हापूसवाला काका, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते फक्त म्हणाले, "ह्यो माणूस खयचो?"

हापूसवाला

पावसचा, रत्नागिरीकडचा. त्यांना नमस्कार सांग.

ओरोसची_वकील

कागदाचं कोणी बोललं नाही म्हणून. विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे १९५४ चा, इथंच नोंदणी लग्न करता येतं. दोघांपैकी एकाचं वास्तव्य जिल्ह्यात निदान तीस दिवस असलं पाहिजे, मुलगी देवगडची असल्याने ते सोपं आहे. नोटीस दिल्यापासून तीस दिवस थांबायचं, तीन साक्षीदार, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लागलं पाहिजे, नाहीतर पुन्हा नोटीस. एकदा ते झालं की बाकीचे विधी अंगणात करा, गुलमर्गात करा, कायद्याला फरक पडत नाही. बर्फाने रस्ता बंद होऊन मुहूर्त टळला तरी तुम्ही विवाहितच.

बर्फवेडा

एक राहिलं. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरची प्रीपेड सिमं चालत नाहीत, पोस्टपेडच लागतं. वऱ्हाडातल्या निदान चार-पाच जणांकडे असू द्या. ड्रोनचा विचार सोडा, नियंत्रण रेषा जवळ आहे, परवानगीशिवाय उडवलात तर लग्नाआधी चौकीत. आणि थंडीत कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या भसाभस उतरतात, फोटोग्राफरला जादा बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवायला सांगा.

बंदरावरचा

काका विमानात बसतील का? आमचे आबा मोपाचा विमानतळ बघून आले, बसले मात्र नाहीत.

तिरफळ

नाही बसत, हीच तर मेख आहे! चिपी घरापासून एवढं जवळ, तिथंही कधी पाऊल ठेवलं नाही.

चाकरमानी_लालबाग

मग रेल्वेने न्या की. रत्नागिरीहून मंगला पकडायची, हजरत निजामुद्दीनला उतरायचं, दिल्लीहून कटरा, आणि २०२५ च्या जूनपासून कटरा-श्रीनगर वंदे भारत सुरू आहे. वाटेत चिनाबचा पूल, नदीपासून ३५९ मीटर उंच. आणि तो पूल कोणी उभा केला माहितीये का? त्या टप्प्याचं काम कोकण रेल्वेकडे होतं. आपल्या कोकण रेल्वेकडे!

कुंकेश्वर_लोकल

ह्यां माका म्हायत नव्हता. खरां?

अपरांत

खरं आहे. कटऱ्यापुढचा अवघड टप्पा कोकण रेल्वे महामंडळाने केला, अंजी खड्डचा केबल पूल त्यातच आला. आपल्याकडचे बोगदे आणि पानवलचा पूल करून हात बसलेला.

तिरफळ

मंडळी, बैठक झाली. मुलाकडचेही आले होते.

लग्न मार्गशीर्षात, देवगडात, अंगणात. स्टेज नाही, आहेर नाही, जेवण पंगतीत. पाकिटं नाहीत हे ऐकून आत्याला गहिवरून आलं. नोंदणीही त्याच सुमारास ओरोसला, नोटीस या महिन्यात देणार.

फेब्रुवारीत गुलमर्गला फक्त पंधरा-सोळा जण, तिथल्या मित्रमंडळींसाठी एक संध्याकाळ, वाझवान, कहवा, नाच. होम नाही, त्यामुळे लॉजचं छप्पर सुरक्षित. मुलाच्या आईला हे दोनदा-दोनदा प्रकरण फारसं पटलेलं नाही, "मग आम्ही थर्मल कशाला घेतले" असं त्या म्हणाल्या, पण आजींच्या डोळ्यांकडे बघून गप्प बसल्या. आजी येणार. बूट, एक हात धरायला मी.

आणि काका. पुलाचं मी सहज बोलले. काकांच्या सड्यावरून कोकण रेल्वेच्या सर्व्हेची माणसं गेली होती तेव्हापासून ते त्या रेल्वेला घरचीच समजतात. रात्री जेवताना अचानक म्हणाले, "चार दिवस फवारणी भाऊ बघीत." बस्स, एवढंच. मावशी पण मग बोलली. तारीख मात्र जत्रेची तारीख कळल्यावर, आणि लॉजवाल्याला आगाऊ रक्कम त्यानंतरच. तो रोज फोन करतोय. त्याला कौल म्हणजे काय ते मी हिंदीत समजावून सांगितलं. तो म्हणाला, "जी, यहाँ भी रास्ता ऐसे ही खुलता है."

हापूसवाला

भाऊला सांगा, फवारणी सकाळी वारा पडलेला असताना. आणि भर फुलोऱ्यात मारू नका, मधमाश्या मरतात.

कुंकेश्वर_लोकल

तारीख कळली की हंय टाकतंय. आणि तंगमर्गाक त्या बुटांचा भाडा किती ता काकांका आधी सांगा नको, नायतर कटऱ्यासून परत येतले.